नवा पट्टा

सर, गेल्या मंगळवारी ती आली. तुम्हाला ती आठवणार नाही. तुमच्या लेखी ती रजिस्टरमधली एक ओळ होती आणि त्या ओळीपुढे तुम्ही माझ्याच हाताने 'संपर्क तुटला' असं लिहून घेतलं होतं. तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता अकरावीत आहे. मोताळ्याहून आईबरोबर एसटीने खामगावला आली आणि आपल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना डावा पाय बाहेरच्या कडेवर टाकत होती. मी वर खिडकीशी उभी होते. चेहऱ्याआधी पाय बघायचा, ही तुमची सवय मला लागली ती लागलीच. ती कोण हे मला पायावरून कळलं आणि मग पहिला विचार आला तो तुमचा. तो चांगला नव्हता.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण मी हे कधी पाळलेलं नाही. दरवर्षी संशोधन विभागात नवीन मुलंमुली लागतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी तुमची एक गोष्ट सांगते. तुमचा फोटो आता प्लास्टरच्या खोलीबाहेर लावलाय, चंदनी हार घातलेला. त्याच्या खालच्या बाकावर बसूनच सांगते. एका पोरीने एकदा विचारलं, "मॅडम, इतके वाईट होते का हो सर?" मी म्हटलं, हुशार होते, आणि विषय बदलला. त्यावरून तिने काय समजायचं ते समजली असेल.

तुम्ही हुशार होतातच. मी नांदुऱ्याहून आले तेव्हा बीएस्सी होते, बाजार समितीतल्या कारकुनाची मुलगी, आणि संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या असं समजत होते. इथे नळ्या नव्हत्या. आत वळलेले इवलेसे पाय होते, दर आठवड्याला बदलायचं प्लास्टर होतं आणि पाय सरळ झाला की तो पुन्हा वळू नये म्हणून द्यायचे बूट होते, दोन्ही मिळून एका लोखंडी दांडीला जोडलेले. पोर झोपलं की ते घालायचे, चार वर्षं. आमचं काम ते घातले जातात की नाही आणि पाय सरळ राहतो की नाही, हे मोजून लिहून ठेवायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही एक पाय माझ्यापुढे धरून मत विचारलंत. मी म्हटलं, "सर, मले वाटते की..." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मले नाही, मला. आणि तुला काय वाटतं ते इथे कुणी विचारलेलं नाही. काय दिसतं ते सांग." सगळे हसले. दुसरं वाक्य बरोबर होतं, ते मी आजही शिकवते. पहिल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढचे सहा महिने तुमच्यासमोर तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा धुऊन घ्यायची, आणि तोवर तुम्ही पुढच्या खाटेपाशी गेलेले असायचात.

दिवाळीला तुम्ही सगळ्यांना मिठाईचे डबे दिलेत आणि मला तुमचा जुना स्टीलचा कोनमापक. "हा हातात असला की बोलायची गरज पडत नाही," म्हणालात. लोक म्हणाले, बघ, किती मान दिला सरांनी. मला ते 'गप्प बस' असंच ऐकू आलं. घोटा किती वळतो हे अजून मी त्यानेच मोजते, कारण नवे प्लास्टिकचे चार महिन्यांत ढिले होतात.

तुमचे दोन नियम होते. पहिला पट्ट्याचा. आयांना विचारू नका, त्या 'रोज घालतो' असंच सांगतात. बुटाचा पट्टा बघा. रोज वापरलेल्या पट्ट्याचं भोक लांबट होतं, तिथलं चामडं काळं पडतं, घडी बसते. कोरा पट्टा म्हणजे बूट कपाटात. हे बहुतेक वेळा खरं निघायचं, आणि खरं निघालं की तुम्हाला जो आनंद व्हायचा तो मला बघवत नसे. दुसरा नियम मोजण्याचा. आईशी बोलणाऱ्याने मोजायचं नाही आणि मोजणाऱ्याला आई काय म्हणाली ते सांगायचं नाही, म्हणजे हात कलत नाही. सगळं बाहेरच्या टेबलावर लिहायचं, कागद पाकिटात घालायचा, आणि तुम्ही खोलीत असेपर्यंत रिसर्चवाल्यांनी चकार शब्द काढायचा नाही.

त्या दिवशी बाहेरच्या टेबलावर मी आहे. समोर ती बाई बसलीय, विशी-बाविशीची, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, मांडीवर पोरगी. नवरा मोताळ्याच्या बाजारात गाद्या भरतो. मी विचारते, बूट घालता का भाभी? ती म्हणते, "घालतो ना मॅडम. पोरगी आता तर सोताच पाय पुढे करते. वापरू वापरू डाव्या बुटाचे पट्टे तुटले व्हते, तं मोताळ्याच्या बजारात मोच्यापासून नवे लावून घेतले, परवाच. हे पाहा." तिला त्या शिवणीचं कौतुक होतं. मी पाहिलं, लिहिलं, कागद पाकिटात घातला.

मग आत. प्लास्टरच्या खोलीत बाकांवर पंधरा-वीस बाया बसलेल्या. तुम्ही पाय हातात घेता, मोजता, आकडा सांगता, मी लिहिते. आकडा उत्तम आहे. पोरगी तुमच्या नाकाला हात लावते. तुम्ही त्याखाली सही करून पेन खिशाला लावता आणि मग बूट उचलता. डाव्या बुटाचा पट्टा अंगठ्याने वाकवून बघता, आणि तो तुमचा आनंद मला तुमच्या मानेवर दिसतो. दांडी हवेत धरून तुम्ही सगळ्या बाकांकडे वळता. "हे बघा. हे बूट. महिनोन् महिने दिलेत, आणि पट्ट्यावर एक घडी नाही. आणि या आई मला सांगणार, रोज घालतो! उद्या पोरगी लंगडी झाली की इथे येऊन रडायचं नाही." ती बाई म्हणते, "नाही साहेब, ते तं..." तुम्ही म्हणता, "खोटं बोलू नका." मग ती पोरीला उचलते, दांडी उचलते आणि सगळ्या बायांच्या मधून चालत निघून जाते. एक म्हातारी मागून म्हणते, "काऊन वं बाई, असं करा लागते का पोरीसाठी?"

सर, उजवा बूट त्याच दांडीला लटकत होता, तुमच्या नाकासमोर. त्याचे पट्टे जुने होते, काळे पडलेले, भोकं लांबट झालेली. दोन्ही पाय मोजा, नेहमी दोन्ही, हे आम्हाला घोकायला लावणाऱ्या माणसाने दुसऱ्या बुटाकडे बघितलं नाही. आणि दोन मिनिटांपूर्वी तुमच्याच हाताने घेतलेला आकडा? बूट न घालणाऱ्या पोरीचा पाय असा राहतो का? तुम्हाला पायापेक्षा पट्टा खरा वाटला, कारण पट्ट्याचं शास्त्र तुमचं होतं.

ती परत आली नाही. तीन फोन झाले, शेजाऱ्याच्या नंबरावर, आणि एक पत्र. तुमच्या पद्धतीप्रमाणे तेवढं पुरेसं होतं. मी विचारलं होतं, गावी जाऊन येऊ का, मोताळ्याच्या पुढेच आहे. तुम्ही म्हणालात, "आपण अभ्यास करतोय. समाजसेवेला वेगळे लोक आहेत." मग मला रजिस्टर उघडायला लावलंत. पुढे तुम्ही परिषदेत आपले निकाल मांडलेत, जी मुलं येत राहिली त्यांचे. ते सुंदरच असणार. न आलेली मुलं तळटीपेत गेली. टाळ्या पडल्या म्हणे. मी तेव्हा इथे पाकिटं लावत होते.

आता विभाग माझ्याकडे आहे आणि मी पहिलं काम हे घेतलं की तुटलेल्या संपर्कातली मुलं शोधायची. घरी जाऊन. या पोरीचं घर विभागातल्या एका मुलीने मोताळ्याच्या बाजारात गाद्यांच्या दुकानांतून विचारत विचारत काढलं. मंगळवारी मी स्वतः मोजलं. घोटा वर येतच नाही, टाच आत वळलेली, बाहेरच्या कडेला जाड घट्टा. पोरगी हसरी आहे. म्हणाली, "मले पळता येते मॅडम, खोखोत आहे मी. फक्त चप्पल टिकत नाही. अम्मी म्हणते, तुह्या पायाले लोखंडाची चप्पल पाहिजे." ते बूट लहान झाले तेव्हा नवे आणायला दवाखान्यातच यावं लागलं असतं. आईची सासू म्हणाली, चारचौघांत इज्जत काढून घ्यायले कायले जाता. बूट माळ्यावर गेले आणि पाय हळूहळू जिथून आला होता तिथे परत गेला. आता हाड कापून सरळ करावं लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलंय. चार वर्षं दांडी लावून जे झालं असतं त्यासाठी आता करवत. त्या घट्ट्यावर बोट ठेवून मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरगी एक्स-रेला गेली तेव्हा आई माझ्या टेबलापाशी आली. आता केस पिकलेत तिचे. उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट इचारू का? राग नका मानू. त्या दिवशी मी तुमाले आधीच सांगतलं होतं ना, पट्टे नवे हायेत म्हून. तुमी त्या डॉक्टरले सांगतलं होतं का?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. चौदा वर्षं तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी तिच्याच बोलीत उत्तर दिलं, जी मी या इमारतीत कधी बोलत नाही. म्हटलं, "सांगतलं होतं भाभी. त्यायनं आयकलं नाही."

तिने मान हलवली. "मले वाटलंच. मोठ्या माणसायले कोन आयकवते? तुमी बोलल्या, हेच लय झालं. अल्ला भलं करो तुमचं."

मी सांगितलं नव्हतं, सर. तो दुसरा नियम मी वर लिहिलाय तो तुमच्यावर ढकलण्यासाठीच लिहिलाय. पण तो तुम्ही खोलीत असेपर्यंतचा नव्हे, आकडा लिहून होईपर्यंतचा नियम होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आकडा लिहून झाला होता, पेन तुमच्या खिशाला होतं. तुम्ही दांडी हवेत धरली तेव्हा मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्या बाईने तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मनात वाक्य धुवायला घेतलं. 'सर, पट्टा बदललेला आहे.' चार शब्द. त्यात 'मले' सुद्धा नव्हतं. तुम्ही चिडला असता, मला हाकललंही असतं कदाचित, पण तुम्ही उजवा बूट पाहिला असता. एवढे तुम्ही होतात. नव्या मुलांना मी सांगते त्या गोष्टीत त्या खोलीत तुम्ही असता, ती बाई असते, बाकांवरच्या बायाही असतात. मी नसते.

तुमच्यावरचा राग कमी झालाय असं समजू नका. तो बूट तुम्हीच उचलला होता. पण हे पत्र खरं तर तुम्हाला लिहायचंच नाही, तुम्हाला आता याचं काय? ते त्या पोरीच्या आईला जायला हवं. तिचा पत्ता आता रजिस्टरमध्ये आहे, पक्का, मीच तपासून लिहिलाय. ऑपरेशन होईपर्यंत तिचा विश्वास मोडायला नको, असं मी स्वतःला सांगते. कारण चांगलं आहे, तुम्हीही मान्य केलं असतं. पण खरं सांगू का, ती दुवा देऊन गेली आणि ती मला परत करायची नाहीये.