लेखणीवरचं बोट

६ मे १८२२, किलड्रोहिड

पोचलो. गाडीनं हाडं खिळखिळी केली, पण खोली झकास आहे. खाली सरकारी अर्जांचं दप्तर, वर मी. खिडकीतून गावाची विहीर दिसते, पलीकडे तुरुंगाची भिंत. अंथरूण कोरडं. या देशात कोरडं अंथरूण मिळालं की माणसानं तक्रार करू नये.

पलटणीत एकवीस वर्षं सार्जंट होतो. लिहायला तिथंच शिकलो, शाळेत नाही, त्यामुळे अक्षर सरळ आणि मजकूर आखूड. मुलीनं आत 'मलाकी सार्जंटची वही' असं लिहून ही वही दिली आणि सांगितलं की रोज दोन ओळी लिहा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. माझं डोकं ठिकाणावरच आहे. तरी लिहितो.

दप्तर झाडायला आणि माझं जेवण करायला ऑनी नावाची म्हातारी आहे. आल्या आल्या मला बघून म्हणाली, आधीचे मलोन कारकून जाड होते, तुमच्यावर ओटचं पीठ कमी खर्च होईल. बाई तोंडाळ आहे. पेज मात्र चांगली करते.

९ मे

काम कळलं. सोपं आहे. लोक येतात, रडतात, मी त्यातलं रडणं काढून टाकून अर्ज लिहितो. मग क्रोझडेल साहेबांकडे, म्हणजे इथल्या मॅजिस्ट्रेटकडे, आणि तिथून डब्लिनला सरकारकडे. डब्लिनहून विचारणा येते, आम्ही अहवाल पाठवतो, मग निकाल. बहुतेक निकाल एकच असतो: हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही.

लिहिता येणारा इथं शंभरात एखादा. बाकीच्यांची फुली. कागदावर मी आधी माणसाचं नाव लिहितो, मग जागा सोडून आडनाव, आणि मधे फुली. फुलीसुद्धा मीच काढतो. त्या माणसानं फक्त माझ्या लेखणीच्या वरच्या टोकाला बोट टेकवायचं. टेकवलं की ती फुली त्याची.

आता या बोट टेकवण्याला किती वेळ लागावा? पण नाही. आधी हात पुसणार, मग छातीवर क्रूसाची खूण करणार, मग पुटपुटणार. एक म्हातारा बोट टेकवून रडत बसला, शाई वाळली. ऑनी म्हणते मलोन कुणाला घाई करायचे नाहीत. म्हणूनच रांग विहिरीपर्यंत जायची, मी म्हटलं.

१४ मे

ताप गावात शिरलाय. गेल्या साली बटाटे कुजले, लोकांच्या अंगात काही उरलं नाही, त्यामुळे ताप आला की माणूस आडवाच. मी ठरवलं की यापुढे बोट टेकवणं बंद. नाव सांगा, फुली मी काढतो, चला पुढे. पलटणीत असंच चालायचं, कुणी मेलं नाही त्यानं.

आज साइव्ह लॅव्हेल म्हणून एक बाई आली. तिशीची असेल. डोळे लाल, हातपाय थरथरत होते, शाल डोक्यावरून ओढलेली. नवरा फेलिम तुरुंगात. सूर्य बुडाल्यावर घराबाहेर सापडला. आपल्याकडे सध्या तो कायदा आहे, सूर्यास्तानंतर बाहेर दिसला की सात वर्षं समुद्रापार. आणि हा गेला होता कुठं, तर तापानं फणफणलेल्या बायकोसाठी विहिरीवर पाणी आणायला. कैद्यांची गाडी जूनच्या पहिल्या सोमवारी बंदराला निघते.

चांगला अर्ज लिहिला. बायको आजारी, तिला नवऱ्याशिवाय आधार नाही, दया व्हावी. एवढंच कारण आहे आणि ते पक्कं आहे. फुली मी काढली. बाई बोट पुढे करून उभी. मी म्हटलं गरज नाही, झालंय, जा. ती हलेना. म्हणाली, "माझं बोट लागलं नाही, कारकूनबाबा. मग हे बोललं कोण?"

तापाचा हात. मी लेखणी मागे घेतली आणि दार दाखवलं. ती बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. रांग खोळंबली.

१७ मे

ऑनीनं बातमी आणली. साइव्ह लॅव्हेल त्याच दिवशी घरी पोचून उंबऱ्यातच पडली. ती गेली. तापाच्या भीतीनं प्रेताला कुणी हात लावेना, म्हणून शेजाऱ्यांनी लांब काठ्यांनी छप्पर ढकलून तिच्यावर पाडलं. गवत, काजळी, माती सगळं. सध्या असंच करतात. ना पाद्री, ना रडणं.

ऑनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं माझ्याकडे काय बघतेस, मी ताप दिला का तिला? ती म्हणाली ताप नाही दिलात.

२४ मे

डब्लिनहून कागद आला. नवलच, लक्ष घातलंय. विचारतात, अर्जदार बाई खरोखर आजारी आणि निराधार आहे का, हयात आहे का, आणि फुली तिचीच आहे का. मी कागद साहेबांकडे नेला. साहेब घोड्याचा दुखरा खूर बघण्यात गुंतले होते. म्हणाले, तूच लिही, मी सही करतो.

विचार केला. ती मेली असं लिहिलं तर अर्जातलं कारणच मेलं. आजारी बायको नाही, तर दया कुणासाठी? फेलिम गाडीत. खरं लिहून कुणाचं भलं होणार होतं? तुरुंगात जाऊन त्याला बघून आलो. चांगला उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तिला बरं आहे का, एवढंच विचारलं. मी म्हटलं बरं आहे.

मग दप्तरात परत येऊन लिहिलं: अर्जदार हयात आहे, माझ्यासमोर हजर झाली, आणि तिनं लेखणीला बोट लावलं.

झालं. उगाच चघळत बसण्यात अर्थ नाही.

२७ मे

लेखणी जड लागते. तीन पिसं बदलली. हवा दमट आहे.

२८ मे

हवेमुळे नाही. लिहिताना वरून काहीतरी टेकतं. दाबत नाही, नुसतं टेकतं. भर दुपारी, समोर लोक बसलेले. लेखणी ठेवली की जातं. उचलली की येतं. पिसाच्या टोकाला काळं लागलंय. पुसलं, परत लागलं. ऑनीला दाखवलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली छपराची काजळी आहे. मी म्हटलं चुलीची असेल, तुझ्या. तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. स्वच्छ होते.

३० मे

निकाल आला. माफी मिळतेय. पण एक अट: शनिवारी बायकोनं स्वतः साहेबांसमोर हजर राहून नवऱ्याच्या चांगल्या वर्तनाच्या जामिनावर फुली करायची. ती आली नाही तर सोमवारची गाडी.

ऑनीला म्हटलं, तू ये. शाल ओढ, खाली बघ, बोट टेकव, दोन घटकांचं काम. साहेब गरिबांची तोंडं बघत नाहीत. फेलिम सुटेल. ऑनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "एकदा तुम्ही तिच्या नावानं बोललात, सार्जंट. तिच्या जागी मला उभी करू नका. ती जागा रिकामी नाही."

म्हातारीचं डोकं फिरलंय. तरी येईल. फेलिमसाठी येईल.

१ जून, शनिवार

आली. साहेब बसले होते, फेलिमला बेड्यांसकट उभं केलं होतं. दार उघडलं आणि ती आत आली, शाल नाकापर्यंत ओढलेली, मान खाली. मनात म्हटलं शाबास ऑनी. चालणंसुद्धा वेगळं केलं होतं तिनं. केसांत गवताच्या काड्या होत्या. मला वाटलं जरा जास्तच करतेय.

फेलिमनं हाक मारली. तिनं मान वळवली नाही. साहेब म्हणाले बाईला बसवा, ओली दिसतेय. मी साइव्ह लिहिलं, जागा सोडली, लॅव्हेल लिहिलं. तिनं बोट टेकवलं. फुली काढताना माझी बोटं बधिर झाली, थंडीत बंदुकीच्या नळीला हात चिकटतो तशी. साहेबांनी सही केली. बेड्या काढल्या. ती पुढे आणि फेलिम मागे, असे दोघं दाराबाहेर गेले. तो हसत होता. तिला जरा थांब म्हणत होता.

मी खुर्चीत मागे रेललो. तेवढ्यात मागच्या दारातून ऑनी आली. हातात पेजेचं भांडं. विचारलं, साहेब गेले का? आणि फेलिमचं काय झालं? मी येणार नाही म्हटलं होतं ना तुम्हाला.

जामिनाचा कागद माझ्यासमोर होता. फुलीवर काळं बोट उमटलेलं.

२ जून

फेलिम आला. दप्तर बंद होतं, तरी आला. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. ओरडला नाही. ऑनीनं ताक दिलं, ते धरून बसला.

ती वाटभर पुढेच चालली, म्हणाला. कितीही पाय उचलले तरी चार पावलं पुढेच. घर आलं तर छप्पर पडलेलं. ती त्या छपराच्या खाली शिरली, माणूस अंथरुणात शिरतो तशी. त्यानं हातांनी उकरलं. खाली होती ती. खूप दिवसांची.

मी त्याच्या हातातलं न प्यायलेलं ताक काढून टेबलावर ठेवलं. 

जाताना म्हणाला, "ती गेली हे कुठं लिहू नका, सार्जंट. तिनं चालत येऊन सोडवलंय मला."

३ जून

कैद्यांची गाडी गेली. फेलिम तिच्यात नव्हता. चांगलं झालं.

म्हटलं आता संपलं. लेखणी उचलली.

संपलं नाही. आता टेकत नाही, धरतं. आज एकही अर्ज पुरा झाला नाही. रांगेतल्या लोकांना परत पाठवलं. जो कागद घ्यावा त्यावर काळं बोट. खोलीत ओल्या गवताचा वास.

५ जून

ऑनी म्हणते सरळ आहे. तुम्ही लिहिलंत ती हयात आहे. सरकारी कागदावर, साहेबांच्या सहीनं. मग तिला राहावं लागतंय. मरायचं तर कागद हवा.

वेडेपणा. पण उभी आहे ती. टेबलापाशी, माझ्या उजव्या हाताला. बसत नाही. दिवसाउजेडी. लोक तिला वळसा घालून जातात आणि वळसा का घातला ते त्यांनाही माहीत नसतं.

६ जून

खाल्लं नाही. हात सुजलाय. या वहीत लिहायचं तरी ती धरते. दोन ओळींना सकाळ गेली —

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मला शांत मरायचं आहे. डब्लिनला लिहिणार. अहवाल चुकीचा होता, अर्जदार १४ मे रोजी मृत. एवढंच. मग ती जाईल.

ऑनी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, तो कागद गेला तर माफी रद्द, फेलिमला उचलून पुढच्या गाडीत टाकतील, तिनं काय त्यासाठी — मी ओरडलो तिच्यावर. चालती हो म्हटलं. ती गेली. पाठीमागे दार लावून घेतलं मी. फेलिम तरुण आहे. सात वर्षं. माणसं परत येतात —

७ जून

साइव्ह लॅव्हेल लिहिलं. पुढचा शब्द होत नाही. "मृत" चा म पण नाही. लेखणी वळते. जोर केला, निब फाटली. दुसरी. तिसरी.

तिनं पहिल्यांदा मान वर केली. रागावलेली नाही. रांगेत उभी होती तशीच. थांबलीय ती. तिला घाई नाही —

परत

दुसरं करतो. राजीनामा. माझा स्वतःचा अर्ज. नोकरी नको, हात चालत नाही, मुलीकडे जाऊ द्या. हे तरी लिहू देईल. तिचा यात काही —

लिहिला. कसा लिहिला माहीत नाही. फेलिमचं नाव नाही त्यात, म्हणून लिहू दिला. आता फक्त सही. वहीतच आधी करून बघतो. हाताला काही लागत नाही. भार गेला. हलकं वाटतंय —

लेखणी माझ्या हातात नाही.

लेखणी तिच्या हातात आहे. खाली, निबेजवळ, काळी बोटं. माझं बोट वर. नुसतं टेकलंय. काढतोय, निघत नाही — मी लिहीत नाहीये हे — मी नुसता —

तिला अक्षर येत नाही, ही अक्षरं माझ्या बोटातून उतरतायत. तिला एकच खूण येते. नाव होईपर्यंत थांबलीय ती, जागा सोडून, मी सोडायचो तशी

मलाकी   ×