नातीचं दुकान सोडून बाकी सगळं

मी, दोन खोल्यांच्या घरात राहणारी, सुताराची आई, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या, गुडघ्यांची चौकशी कोर्ट करत नाही.

१. पहिल्या कलमात मी लिहिलं होतं, "मुलाचं सुतारकामाचं दुकान नातीला देते." वकीलबाईंनी ते खोडलं. "आजी, ते तिचंच आहे. जे आपलं नाही ते देता येत नाही." खरंच की! मुलगा आणि सून एकाच अपघातात गेले, तेव्हाच मुलाच्या मृत्युपत्रानं दुकान तिचं झालं. मी नुसती पालक. म्हणून तर ते भाड्यानं द्यायलासुद्धा कोर्टाची परवानगी काढावी लागली.

२. ती परवानगी कशी मिळाली ते पुढच्या पालकासाठी लिहून ठेवते. दुकान बंद राहून छप्पर गळायला लागलं होतं. शिंपीणबाई भाड्यानं घ्यायला तयार होत्या. पण माझे धाकटे दीर कोर्टात उभे राहून म्हणाले, "वहिनीला धड वाचता येत नाही, कुणीही गंडवील. विकून टाका." जज्जबाईंनी मला विचारलं, "आजी, अर्जात काय आहे, माहीत आहे का?"

"अक्षर लावत लावत वाचलाय, बाई. एक गोष्ट राहिलीय. मुलाचं कामाचं टेबल हलवायचं नाही, हे त्यात नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. जज्जबाईंनी मात्र ते हुकमात घातलं. भाडं नातीच्या खात्यात, छपराची दुरुस्ती भाडेकरूकडे, टेबल जागेवर, आणि नात अठराची झाली की दुकान तिच्या ताब्यात. त्या माउलीचं भलं होवो.

पहिल्याच दिवशी टेबलाच्या खाचांत अडकून रेशमी कापड फाटलं. शिंपीणबाई तणतणत आल्या, "आजी, तुमच्या कोर्टाच्या टेबलानं माझं गिऱ्हाईक घालवलं!" मी घरातली जाड चादर दिली. ती टेबलावर ताणून ठोकली, आणि आता त्यावर झकास कापड बेततात. दुसऱ्या टोकाला नात अभ्यासाला बसते. परवा तिनं वडिलांच्या करवतीनं कपडे टांगायला दांडी कापून दिली. तिरकी आहे. सगळे कपडे एका बाजूला घसरतात. शिंपीणबाई हूं की चूं करत नाहीत. अशी भाडेकरू मिळायला नशीब लागतं.

३. आता जे माझं आहे ते. पोस्टातली शिल्लक, पत्र्याची पेटी आणि कानातले नातीला. पलंग शेजारच्या नर्सबाईंना, माझ्या दुखण्यात रात्री त्यांनी खुर्चीत काढल्या. शिडी धाकट्या दिरांना. ती वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच आहे, तेव्हा पोचवायचा त्रास नाही. भावोजी, राग धरू नका. तुम्ही आडवे आलात म्हणून तर हुकूम इतका पक्का निघाला.

४. खरी काळजी एकच. नात मोठी व्हायच्या आत मी गेले, तर दुकान विकायला निघेल. म्हणून कोर्टाला हात जोडून विनंती, की माझ्यामागे नातीच्या मावशीला पालक नेमावं. ती बसमध्ये कंडक्टर आहे. भरल्या गाडीत कुणी फुकट बसलेलं तिच्या नजरेतून सुटत नाही. भाडेपट्टा आहे तसाच चालू ठेवावा. वकीलबाई म्हणतात, शेवटचा शब्द कोर्टाचा. असू दे, एकदा ऐकलंय त्यांनी माझं.

मावशीला बोलावून विचारलं. तिनं खांद्यावरची तिकिटांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "करीन मी सगळं. पण तुम्ही घाई करू नका."

बरं, म्हटलं आहे मी.

स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ७ मार्च
सही: सुताराची आई (अंगठा नाही, सही)

आजींनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. गल्लीतले डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे किराणावाले