जाळीतल्या माशा आणि अव्वाचं गूळपाणी

मी, मन्मथ हणमंतराव धुळशेट्टे, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, सध्या कामानिमित्त कोइमतूर, शिक्षण आठवी, लग्न न्हाई, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. कॅन्सरनं अन्ननलिका बंद झाली, डोकं शाबूत हाय. घरी हे फक्त बहीण पुनमला माहीत हाय.

१) घरामागच्या शेडमधली जाळी, टप, चाळणी पुनमला द्यावी. तिनं काम पुन्हा सुरू करावं. मंगल कार्यालयातलं उष्टं टपात टाकायचं, काळ्या माशीच्या अळ्या ते फस्त करतात. पोसलेल्या अळ्या अहमदपूरला मकसूदभाईच्या कोंबड्यांना, खाली उरतं ते तुरीला खत. मी कामाला हाय त्या इथल्या माशीच्या प्लांटवरचे कोश भुशाच्या डब्यात घालून माझा सोबती रिजवान घेऊन येईल. त्यातून माशा निघतील.

२) मोटारसायकल आप्पाला, म्हणजे वडलांना. "लोक म्हशी पाळतेत, आमचं लेकरू किडे पाळतंय," असं आप्पा चारचौघांत म्हणायचे. त्याच खतावर तूर छातीला लागली तवा मातर पाहुण्यांना बांधावर फिरवत होते. शेड मोडायचा हक्क आप्पाला न्हाई.

३) आई गुरम्मा, आमची अव्वा, हिच्यावर कुणी दोष टाकू नये. जाळीतली मोठी माशी काही खात न्हाई. अळी असताना खाल्लेल्यावरच जगते, अंडी घालते, मरते. मी सांगितलं होतं. अव्वा म्हणली, "आपल्या दारातून भिक्षेला आलेला जंगम कधी उपाशी गेला न्हाई, आन् हे घरातले जीव उपाशी ठेवतोस व्हय रे?" तिनं गुपचूप जाळीत गूळपाणी ठेवलं. मुंग्या लागल्या, सगळी अंडी खाऊन गेल्या. तवापासून ती शेडमधी पाय ठेवत न्हाई. तिच्यामुळं मी गाव सोडलं असं तिला वाटतं. तसं न्हाई. माझा पायच घरात टिकत नव्हता. त्याआधी औशाच्या हॉटेलातून पळालो, हैदराबादच्या बांधकामावरून पळालो, तवा कुठं गूळ होता?

४) हे कलम अव्वाला वाचून दाखवू नये. ती रोज फोनवर विचारते, "जेवलास का बाळा?" मी "हाव" म्हणतो. पोटात अन्नाची नळी लावल्यापासून तोंडात घास गेला न्हाई.

५) रिजवान माझ्या खोलीवरचा. साक्षीदाराला काही देता येत न्हाई म्हणतेत. तो म्हणला, "मग सही दुसऱ्याची घे, मला तुझा मोबाईल दे." आन् तोंड फिरवून रडला. सही त्यानंच केली.

६) मला जळकोटला न्यावं, आपल्या लिंगायत रीतीनं बसवून तुरीच्या शेतात माती द्यावी. रिजवाननं आणलेला डबा पहिल्यांदा अव्वानं उघडावा. जाळीत गूळपाणी ठेवू नये. ठेवल्याबिगर तिचा जीव राहत नसंल तर माझ्या समाधीवर ठेवावं. तिथं मुंग्या आल्या तरी चालतंय.

वरचं सगळं मीच लिहिलं, वाचून पाहिलं, दोघांसमोर सही केली.

सही: मन्मथ हणमंतराव धुळशेट्टे

साक्षीदार:
१. रिजवान मौलासाब शेख, औसा
२. संगमेश्वर वीरण्णा बिराजदार, निलंगा

ठिकाण: कोइमतूर
तारीख: १२ जानेवारी २०२५