शुभदाची संकष्टी

शुक्रवार, मार्गशीर्ष वद्य षष्ठी

बुधवारी सकाळी वाळूजला कामावर निघण्याआधी पंचांग पाहिलं आणि आज संकष्टी आहे, असं शुभदाला कळवलं. पोरगी शिकायला पार दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रात आहे. दिवसभर बर्फाला भोकं पाडून नमुने काढायचे, बर्फ वितळवून पाणी करायचं, पाळी आली की सगळ्यांची भांडी घासायची. सगळं हौसेनं सांगते.

आज फोनवर म्हणाली, "आबा, चंद्र काही दिसंना. शेवटी काल इथल्या मॅडमनी धरून जेवायला बसवलं."

"अगं येडे, इथल्या वेळेला सोडायची ना!"

"तुम्हीच म्हणायचे, चंद्र बघितल्याबिगर घास नाय. इथं तर सूर्यच मावळंना!" आणि हसत सुटली.

दोन दिवस. त्या थंडीत, नुसत्या चहावर. दहावीला संकष्टीचा हा नवस मीच तिला बोलायला लावला होता. तिनं पाळला. मी मात्र तिथल्या आभाळाचा विचारही केला नाही. नवस मोडला तर देव रागावेल का? पण लेकराला उपाशी ठेवून तो खूश तरी कसा होईल? दोन दिवस...

संध्याकाळी कामावरून परस्पर गणपतीला गेलो, नारळ फोडला आणि तिची संकष्टी माझ्याकडे घेतली.