निंबाची धुरी

॥ श्री ॥

अंजनवेल,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र कुकरसारख्या शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते डब्यात घालून ठेवलंत, हे वाचून तुमचे बंधू पोट धरून हसले. फोनवर तुम्ही विचारता एक आणि आम्ही ओरडून सांगतो भलतंच. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी, निदान शेजारीपाजारी तरी जागे होत नाहीत.

आज मात्र हसण्यासारखं काही नाही. निलेशच्या अंगावरचं दुखणं हटत नाही. माघी गणपतीला येऊन परत लोट्याला गेला, तेव्हा मनगटावर एवढासा चट्टा होता. पित्त असेल म्हणून मी आमसुलाचं पाणी चोळलं आणि जाताना कपड्यांना निंबाची धुरी दिली. पुढच्या शनिवारी आला तो मानेवर, कमरेवर, दोन्ही हातांवर पुरळ घेऊन. आता तर पाण्याने भरलेले फोड आलेत. फुटले की लस वाहते. काल सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडेनात. खाजवू नको म्हणावं तर झोपेत खाजवतो आणि रक्त काढतो. आईने नुसतं बघत बसायचं, याहून वाईट काही नाही हो.

त्या कारखान्यातल्या केमिकलचंच हे काम, मला शंका नाही. म्हणून त्याचे कंपनीचे कपडे मी इकडेच आणायला लावते. उकळत्या पाण्यातून काढते, वाळवते आणि निंबाच्या पाल्याची धुरी देते. त्यालाही धुरीपाशी बसवते. तेवढा वेळ खाज थांबते म्हणतो. डॉक्टरांच्या गोळ्यांचं काही खरं नाही. चार दिवस सुकतं, की पुन्हा उमळतं.

तेव्हा मी ठरवलंय, नोकरी सोडायची. कातडीच राहिली नाही तर पगार कुठे मिरवायचा? शिमग्याला तो येईल, पालखीपुढे नारळ ठेवील आणि मग राजीनामा देईल. आंब्याची चार कलमं आहेत, ती बघेल. तुमचे बंधू नेहमीप्रमाणे जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूला. सूनबाई मात्र तोंडात गुळणी धरून बसलीय. नवऱ्याचं अंग सोलवटलं तरी मृणाली हूं की चूं करत नाही. कॉलनीतल्या त्या दोन खोल्या सोडवत नसतील, दुसरं काय!

तुम्ही जपून असा. लोभ आहेच, तो चार ओळींतून कळवीत जा.

तुमची,
सावित्री


॥ श्री ॥

लोटे,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
मृणालीचा शि. सा. नमस्कार.

लग्नानंतरचं माझं तुम्हाला हे दुसरंच पत्र. पहिलं तुम्ही पाठवलेल्या कुळथाच्या पिठीसाठी होतं. हे मात्र कृपा करून कुणाला दाखवू नका.

यांच्या अंगाचं तुम्हाला कळलंच असेल. रोज कामावरून आले की मी फोडांवर गार पाण्याच्या घड्या ठेवते, डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी औषध लावते. नखं बारीक कापली आहेत, झोपताना हातांत मोजे घालायला लावते. मोज्यांवरून आमच्यात भांडणही झालं, पण घालतात. शुक्रवारपर्यंत सगळ्याला खपली धरते. आणि गावाहून परत आले की पहिले पाढे पंचावन्न.

आत्या, कंपनीत जाऊन वाढत असतं तर ते शुक्रवारी जास्त दिसायला हवं ना? इथे उलटंच आहे. गेल्या रविवारी मी यांच्याबरोबर अंजनवेलला गेले होते, तेव्हा धुरी डोळ्यांनी पाहिली. निंबाचा ओला पाला पेटत नाही, म्हणून आई घमेल्यात त्याच्याखाली भाजलेल्या काजूची टरफलं घालतात. काळा, तेलकट धूर निघतो. त्यावर कपडे धरतात आणि हे उघड्या अंगाने त्यातच बसतात. पुरळही कुठे आहे? कॉलर लागते तिथे, पट्टा लागतो तिथे आणि बाह्यांच्या कडेला. पहिला चट्टाही माघी गणपतीला यांनी काजू भाजायला मदत केली, त्यानंतरचाच.

चिपळूणच्या डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, टरफलातलं तेल काही जणांना असंच जाळतं, धुरातूनही लागतं आणि कपड्यांत बसून राहतं. सगळे कपडे साबणाने पुन्हा धुवा, धूर बंद करा आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, असं त्यांनी बजावलं. यांना सांगितलं तर चिडले. म्हणाले, आईच्या धुरीने घटकाभर बरं वाटतं, तेही तुला बघवत नाही.

कंत्राटी म्हणून कितीतरी वर्षं काढून हे गेल्या दिवाळीला कायम झाले. आता नोकरी सोडतील, घरी जातील आणि तिथे रोज धुरी. मला रात्रंदिवस तेच दिसतं. पण आईंना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्याच हातून तुमच्या मुलाला हे होतंय? तुम्ही त्यांच्याहून मोठ्या. तुमच्या मनचं म्हणून लिहाल का? माझं नाव नको.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून थांबते.

तुमची,
मृणाली


॥ श्री ॥

बुरोंडी,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सावित्रीस,
यमुनाबाईचे अनेक आशीर्वाद.

निलेशचं वाचून फार काळजी वाटली. कान गेले, पण काळजी करायचं यंत्र अजून शाबूत आहे बघ माझं.

तुझ्या नवऱ्याचा एक पराक्रम सांगते. गंगाराम लहान असताना त्याने झाडावरची काजूची ओली बी दाताने फोडली होती. काजू तोंडावर असा उतला, की फोड येऊन ओठ भाकरीएवढे झाले. आठवडाभर पेजेवर होता, आणि आईने विचारलं तर बोट माझ्याकडे दाखवायचा. त्या सालीतलं तेल आमच्या घराण्याला सोसत नाही. निलेशने कातडी बापाची घेतली असेल, तर त्या घमेल्यात निंबाखाली तू टरफलं जाळतेस, त्यांचा धूर त्याला बाधत असेल, असं माझ्या मनात आलंय.

राजीनामा देण्याआधी एवढं कर. महिनाभर त्याला घरी येऊ देऊ नकोस आणि त्याचे कपडे तिकडेच धुऊ दे. कामावर मात्र रोज जाऊ दे. कंपनीचं दुखणं असेल तर वाढेल, मग खुशाल सोडू दे. धुराचं असेल तर सुकेल. मध्ये शिमगा येतो, मला ठाऊक आहे. म्हणूनच हे लिहावं की नको, असा दोनदा विचार केला.

रागावलीस तरी उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
यमुनावन्सं


॥ श्री ॥

अंजनवेल,
१ मार्च २०२५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे तुमचं डोकं नव्हे. तुम्ही भाद्रपदातल्या गणपतीनंतर आमच्याकडे आला नाहीत. धुरी मी गेल्या महिन्यात देऊ लागले. मग घमेल्यात निंबाखाली काय असतं, ते तुम्हाला बुरोंडीत बसून कसं दिसलं? ते पाहिलंय ते एकीनेच. समोर तोंडात मूग आणि मागून कागद काळे!

माझा जन्म काजू भाजण्यात आणि फोडण्यात गेला. माझ्या हातांना कधी काही झालं नाही. तुमचं पत्र आल्यावर नुसती टरफलं पेटवून मी कोपरापर्यंत हात त्या धुरात धरला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात जसाच्या तसा. घ्या पुरावा.

आणि शिमग्याला येऊ नको म्हणू? देव दारात येणार, मुंबईतून घरोघरचे मुलगे येणार, आणि माझ्या एकुलत्या एकाला मी उंबऱ्याबाहेर ठेवू? लेकरू कण्हत असताना मी त्याच्यापाशी बसायचंही नाही? तुम्ही माझ्या जागी असतात तर केलं असतंत का?

जास्त लिहीत नाही. राग आहे, पण नमस्कार मनापासून आहे.

सावित्री


॥ श्री ॥

बुरोंडी,
६ मार्च २०२५

चि. सौ. सावित्रीस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. मृणालीनेच लिहिलं. माझं नाव नको म्हणाली होती, आणि मी पहिल्याच पत्रात घमेल्याचं बोलून बसले. म्हातारीला कारस्थान जमत नाही. पण पोरीने तुझ्याबद्दल वाकडा शब्द लिहिलेला नाही. तिला नवरा बरा व्हायला हवा आहे, आणि सासूचं मनही दुखवायचं नाही. दोन्ही एकदम कसं करायचं, ते तिला उमगेना म्हणून ती माझ्याकडे आली.

तुझा हात शाबूत राहिला, याने तुझा हात शाबूत आहे एवढंच कळलं. अगो, तू दुसऱ्या घरातून आलीस ना? तुझी कातडी आमची नव्हे.

तू विचारलंस, मी केलं असतं का? ठाऊक नाही मला. माझ्या पोटी मूल नाही, तेव्हा मी सांगणं सोपं. पण राजीनामा दिला की परत घेता येत नाही, सावित्री. शिमगा पुढल्या वर्षी येतो.

यापुढे तू म्हणशील ते मला मान्य. एवढी वर्षं जपलंस तसंच मला जपत राहा.

तुझी,
यमुनावन्सं


॥ श्री ॥

लोटे,
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

ती. आईंना,
मृणालीचा शि. सा. नमस्कार.

पाडव्याचा नमस्कार म्हणून हे पत्र लिहायला बसले. होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही फोन करून यांना येऊ नको म्हणालात, तेव्हा हे फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात आले. आई रागावलीय का, असं मला विचारत होते.

आई, हे बरे झाले. कामाची एकही पाळी चुकवली नाही, रोज त्याच खात्यात काम केलं. आधी फोड बसले, मग खाज गेली, मग जुनी कातडी सुटून खाली गुलाबी, नवी कातडी आली. डॉक्टरबाईंनी काल औषध बंद केलं. लिहून ठेवलेला राजीनाम्याचा कागद यांनी स्वतः फाडला. तुम्हाला फोनवर नुसतं बरं वाटतंय म्हणाले. तुम्हाला लागेल, या भीतीने धुराचं कारण त्यांनी सांगितलेलं नाही.

तुमच्यामागे मी आत्यांना लिहिलं, ते चुकलं. मला क्षमा करा. तुम्ही केलंत ते त्यांच्या बऱ्यासाठीच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रागावलात तरी चालेल, पण मला दूर लोटू नका.

तुमची,
मृणाली


॥ श्री ॥

अंजनवेल,
३ एप्रिल २०२५

चि. सौ. मृणालीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. नव्या कातडीपाशी आले आणि कागद त्यांच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं.

राग आला होता, खोटं कशाला सांगू? चांगले चार दिवस मी तुझं नावही घेतलं नाही. मग मनात आलं, तू सरळ मला सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का? नसतं. सून मला शिकवते म्हणून गाव गोळा केला असता. तेव्हा तुझी चूक झाली असेल तर त्यात अर्धी माझी. यापुढे मात्र मलाच लिही. आधी भांडेन, मग ऐकेन. निलेशला म्हणावं, आई मोडलेली नाही, शनिवारी घरी ये. त्याच्या आवडीचं काजूगरांचं सांबारं मी करते. गर मी सोलीन आणि दोघींपैकी कुणीही त्याला चुलीजवळ येऊ द्यायचं नाही.

आता एक गोष्ट तुलाच सांगते, वन्संनाही लिहिलेली नाही. पालखी आमच्या अंगणात आली, तेव्हा नाचणारे खेळे, ढोल, माणसं, सगळं दरवर्षीसारखं होतं. जो तो निलेश कुठे म्हणून विचारत होता आणि तुझे सासरे रजा नाही म्हणून सांगत होते. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं आणि मला विचारलं, काय मागणं आहे. मी म्हटलं, माझं मी मनातच मागते.

महिनाभर मी एकच मागत आले होते, की देवा, त्या कंपनीचा दोष उघडा पाड आणि माझा मुलगा सोडव. पण समोर पालखी आली आणि मला कळलं, की तो दोष कंपनीचा निघाला तर एवढ्या वर्षांनी कायम झालेली त्याची नोकरी गेली. म्हणून मी ओटी भरली आणि म्हटलं, देवा, कंपनीचा नको, माझा दोष निघू दे. माझ्याच हातांनी त्याला भाजलं असं ठरू दे.

तुझं पत्र आलं आणि देवाने माझं ऐकलं हे कळलं. त्याच्यापुढे नारळ ठेवला, दिवा लावला, आणि मग मागल्या दारी बसून खूप रडले.

दोघांनी एकमेकांना सांभाळा. माझ्यावरचा लोभ होता त्याहून थोडा वाढव, म्हातारपणी लागेल.

तुझी,
आई