एकोणीस तारीख कोणाची

४ ऑगस्ट, सकाळी

ती. ताईस,

सादर नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. पंचाहत्तरीच्या सत्काराच्या पत्रिकेवर तुझं पोस्टकार्ड आल्यापासून डोकं फिरलंय. फोन करावा तर तू तो ऐकत नाहीस, त्यात ओरडतेस. म्हणून हे पत्र. चष्मा लावून वाच.

“पत्रिका मिळाली. येणार नाही. एकोणीस तारीख तुझी नव्हे, त्याची. तू थंडीतला. प्रकृतीला जप.”

पाच वाक्यं! मला सभेत नुसता घसा खाकरायला याहून जास्त वेळ लागतो. सत्तरएक वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि ती अशी उघड्या कार्डावर, माझ्याआधी पोस्टमनला कळावी अशी!

माझ्याआधी एक भाऊ होता, हे मला माहीत होतं. दीड वर्षाचा असताना घटसर्पानं गेला. बाबा एकदाच बोलले, दाढी करता करता, आरशाकडे बघत: “घसा बंद झाला. तीन दिवसांत आटोपलं.” लस निघाली होती म्हणे, आपल्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. मग मी झालो, आणि त्याचंच नाव मला ठेवलं. नाव चांगलं आहे, वाया का घालवायचं, हा बाबांचा हिशेब. शाळेत लवकर घेईनात म्हणून त्यांनी माझं वय दोन वर्षांनी वाढवून लावलं, हेही मला ठाऊक होतं. त्यापायी दोन वर्षं आधी निवृत्त झालो आणि ते लोकांना हसत हसत सांगत आलो. वर्ष खोटं, तारीख खरी, अशी माझी समजूत.

काल ट्रंकेतून माझा जन्मदाखला काढला. आयुष्यात पहिल्यांदा खालची ओळ वाचली. मी जन्मायच्या दोन वर्षं आधीच तो दिलेला आहे, शिक्क्यासकट. म्हणजे दाखला खोटा नाहीच, ताई. अस्सल आहे. खोटा मी आहे. आणि तो मेल्याची नोंद बाबांनी कुठेच केली नसणार. कागदावर तो जिवंत आहे, नोकरी करून निवृत्त झालाय आणि त्याला माझं पेन्शन मिळतं.

वाचनालयाच्या चिटणीसांकडे गेलो. म्हटलं, सत्कार रद्द करा, मी अजून त्र्याहत्तरचाही नाही. तर म्हणतात, “सर, हॉल ठरलाय, पत्रिका गेल्यात. हा आत्ता उरकू, दोन वर्षांनी परत करू की! तुम्ही कुठे पळून चाललात?” आयुष्यभर ज्याला त्याला सुनावलं, आणि त्या माणसापुढे चहा पिऊन परत आलो.

पण मी चिडलोय तो यासाठी नाही.

एकोणीस तारखेला आई काय करायची, आठवतं? माझा नवा शर्ट खाटेवर ठेवायची आणि कपड्यांचा ढीग घेऊन मागच्या नळावर जायची. धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची. सात-आठ वर्षांचा असेन, शर्ट घालून तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. “आई, बघ तरी!” तिनं मान वर केली नाही. “बाजूला हो, उजेड अडतोय.”

हे मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी त्याचं भाषण केलं. ‘ज्याला आईनं नजर दिली नाही, त्याला पुस्तकांनी दिली.’ या वाक्याला टाळी हमखास. किती गावांत घेतली असेल, देव जाणे. आई गेली त्या वर्षीसुद्धा घेतली. शिक्षकांच्या अधिवेशनात तू तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकलंस. नंतर भेटलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, “आवाज बसलाय तुझा, गरम पाणी पी.”

का गं? तिथेच कान का नाही धरलास? चारचौघांत म्हणायचं होतंस, मूर्खा, खाली बस, तुला काही माहीत नाही! आईनं शपथ घातली असेल. बाबांना भीती असेल दाखल्याची. ते दोघं जाऊनही वर्षं झाली. शपथा कधी संपतात, याला काही मुदत? तू गप्प राहिलीस आणि मी तिला गावोगाव आरोपी म्हणून उभं केलं.

तुला दोष देतोय, हे कळतंय मला. सवय आहे. व्यासपीठावर दोष द्यायला कुणीतरी लागतं.

तर आता ऐक. कार्यक्रम मी होऊ देणार आहे. एकोणीसला उभा राहून सांगणार, की आज जो पंचाहत्तर वर्षांचा झाला असता, तो मी नव्हे. ते वाक्य परत घेणार, आईचं नाव घेऊन. पण त्यापुढे मला बोलता येणार नाही, कारण त्याच्याबद्दल मला काही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. माझं नाव ज्याचं उरलेलं आहे, त्याचा राग येत होता मला, अगदी परवापर्यंत. तो चालायला लागला होता का? तुला काय हाक मारायचा? रडका होता की हसरा? त्याला पाहिलेलं जिवंत माणूस आता तू एकटीच आहेस.

तेव्हा नखरे पुरे. तुझा मुलगा गाडीनं आणून सोडेल, मी त्याच्याशी बोललोय. माईक नको असेल तर नको, खुर्चीत बसून सांग, आम्ही गप्प बसू. मीसुद्धा.

आणि थंडीतला म्हणजे नेमका कधीचा, तेही येशील तेव्हा सांग. बहात्तर वर्षांच्या माणसाला हे विचारावं लागतंय, म्हणजे कमाल आहे.

वाट बघतो.

तुझा, आणि त्याचाही,
धाकटा भाऊ