तुझी कासा कुठे?

खामगाव, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

दवाखान्यातल्या स्पेनच्या सिस्टर मराठी शिकायला घरी आल्या. बदल्यात मला त्यांचा एक शब्द दिला. कासा, म्हणजे घर. कासा मोठी आहे. कासेत चूल आहे. मग विचारलं, "तुझी कासा कुठे?"

मी पटकन म्हणाले, "वडनेरले!" ते तर माहेर. बारा वर्षं इथे नांदतेय, आणि कासा वडनेरला? शेंगा फोडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरनी त्यांनाही तेच विचारलं. सत्तरीच्या सासूबाई म्हणाल्या, "मायी? धामनगावले."

तेही त्यांचं माहेरच! मला हसू आवरेना.

"हासून काऊन राह्यली वं? तिथं आता आपलं कोनीच नाही. तरी बी धामनगावलेच."